मॉड्युलर लॅपटॉपची पोर्ट-कार्डं: कोणतं कुठल्या स्लॉटमध्ये, आणि साधा अ‍ॅडॉप्टर केव्हा पुरतो?

रिकामा_स्लॉट

फ्रेमवर्क लॅपटॉप १३, रायझन ७०४० चा बोर्ड, चार स्लॉट, त्यावर लिनक्स. कार्डांची यादी ठरवायची आहे. गरजा अशा:

४के ६० हर्ट्झचा एक मॉनिटर (एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही तोंडं आहेत), २.५ गिगाबिटचा स्विच असलेलं वायरचं नेट, माऊसचा २.४ गिगाहर्ट्झवाला रिसीव्हर, यूएसबी-ए केबलचा बाहेरचा एसएसडी, आणि अधूनमधून एक जुना व्हीजीए प्रोजेक्टर. चार्जिंग अर्थातच सी-पोर्टवरून.

प्रश्न:
१) कुठलं कार्ड कुठल्याही स्लॉटमध्ये चालतं की जागा ठरलेल्या आहेत?
२) एचडीएमआय, इथरनेट अशी वेगळी कार्डं घ्यावीत, की चारही सी-कार्डं ठेवून बाहेरून एक हब लावावा?
३) कार्डं लावून ठेवली तर झोपेत बॅटरी उतरते असं वाचलं. कितपत खरं?
४) माऊसचा रिसीव्हर आत लपेल असं कार्ड घरी बनवता येईल का?

सध्या हाताशी एक छोटा सी-हब आहे (एचडीएमआय, दोन यूएसबी-ए, वायरच्या नेटचं आरजे४५, चार्जिंगचं तोंड). त्यावर मॉनिटर ६० हर्ट्झला व्यवस्थित चालतो, पण नेटचा वेग ३०० मेगाबिटच्या वर जात नाही. ड्रायव्हरचा घोळ आहे का?

केबलवाला

आधी एक गोष्ट पक्की करा, म्हणजे अर्धे प्रश्न आपोआप सुटतील. कार्ड म्हणजे डबीत बसवलेला यूएसबी-सी अ‍ॅडॉप्टर, दुसरं काही नाही. स्लॉटच्या तळाशी बोर्डवर सोल्डर केलेला सी-पोर्ट असतो आणि कार्डाचा सी-प्लग त्यात जातो. तो पोर्ट जे देऊ शकत नाही ते कुठलंही कार्ड देऊ शकत नाही. त्यामुळे कार्ड निवडण्याआधी स्लॉट वाचायला शिका.

इंटेलच्या १३ इंची बोर्डांवर (२०२१ चा पहिला आणि त्यानंतर आलेला १२व्या पिढीचा) चारही स्लॉट सारखे होते, त्यामुळे हा प्रश्नच यायचा नाही. रायझन ७०४० वर तसं नाही. मागचे दोन, म्हणजे बिजागराकडचे, यूएसबी४ आहेत: ४० गिगाबिट, चित्र, चार्जिंग, सगळं. पुढचे दोन यूएसबी ३.२, १० गिगाबिट. त्या दोनपैकी एकातूनच चित्र निघतं, दुसऱ्यातून नाही. चार्जिंग चारहीमधून होतं. कोणता स्लॉट मुका आहे ते कंपनीच्या तक्त्यात बघा आणि लॅपटॉपच्या पोटाला मार्करने फुली मारून ठेवा. त्या स्लॉटात एचडीएमआय कार्ड घातलं तर ‘कार्ड खराब निघालं’ असा शोध लागतो. दोष कार्डात नसतो, त्या पोर्टाकडे ग्राफिक्सच्या तारा गेलेल्याच नसतात.

तुमचा व्हीजीए प्रोजेक्टरही याच नियमात बसतो. सी-ते-व्हीजीए अ‍ॅडॉप्टर डिस्प्लेपोर्टचाच सिग्नल घेऊन व्हीजीए बनवतो, म्हणजे त्यालाही चित्रवालाच स्लॉट लागतो.

माझी मांडणी अशी असती: मागे एका बाजूला सी-कार्ड (चार्जिंग, गरज पडली तर डॉक), मागे दुसऱ्या बाजूलाही सी-कार्ड, पुढच्या चित्रवाल्या स्लॉटात एचडीएमआय किंवा डीपी (डिस्प्लेपोर्ट), आणि मुक्या स्लॉटात यूएसबी-ए. यूएसबी-ए कार्ड मागच्या यूएसबी४ स्लॉटात घालू नका. तिथे ते जास्त वीज खातं, असं या बोर्डाच्या अधिकृत आकृतीतच लिहिलेलं आहे. शिवाय ४० गिगाबिटच्या पोर्टवर माऊसचा रिसीव्हर बसवण्यात तसाही अर्थ नाही.

इथरनेट कार्ड रोज लागत नसेल तर खिशात ठेवा. त्याचं आरजे४५ तोंड डबीच्या उंचीत मावत नाही, म्हणून ते कार्ड लॅपटॉपच्या कडेबाहेर फुगून येतं. पिशवीत घालताना तेच आधी अडकतं.

शून्य_एक_शून्य

नेट ३०० वर अडकलंय म्हणजे केबल जुनी असेल. कॅट ६ घालून बघा. नाहीतर स्विचच्या पोर्टवर ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपोआप ठरवणं) बंद असेल.

दोन_लेन

केबलचा संबंध नाही. केबल खराब असती तर लिंक १००० वर किंवा १०० वर पडली असती, ३०० वर नाही. ३०० ते ३५० हा आकडा ओळखीचा आहे: ४८० मेगाबिटच्या यूएसबी २ मधून प्रत्यक्षात एवढंच हाती लागतं. म्हणजे तुमच्या हबमधली नेटची चिप यूएसबी २ वर चालली आहे. आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय: मॉनिटर ६० हर्ट्झला व्यवस्थित चालतो.

सी-पोर्टमध्ये वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. त्यांना लेन म्हणू. शिवाय मधोमध यूएसबी २ ची एक वेगळी जोडी असते. डिस्प्लेपोर्ट आल्ट मोडमध्ये, म्हणजे सी-पोर्टच्या तारांवरून चित्र पाठवताना, हबला दोनच पर्याय असतात:

एक, चारही लेन चित्राला. यूएसबीला उरते ती मधली जुनी जोडी, ४८० मेगाबिट.

दोन, दोन लेन चित्राला, दोन यूएसबी ३ ला. डेटा वेगात, चित्राचा रस्ता अर्धा.

आता हिशेब. एचबीआर२ आणि एचबीआर३ हे डिस्प्लेपोर्टच्या वेगाचे दोन टप्पे. एचबीआर२ वेगाला एका लेनमधून प्रत्यक्ष ४.३२ गिगाबिट डेटा जातो, एचबीआर३ ला ६.४८. ४के ६० हर्ट्झ, रंगाला ८ बिट, आटोपशीर ब्लँकिंग (ओळी आणि चित्रांमधला रिकामा वेळ) धरलं तर १२.८ गिगाबिट लागतात. म्हणून:

दोन लेन एचबीआर२ = ८.६४. ४के ६० मावत नाही, ३० वर येतं. बाजारातल्या असंख्य हबांवर ‘४के’ मोठ्या अक्षरात आणि ‘३० हर्ट्झ’ बारीक अक्षरात असतं ते याचमुळे.
चार लेन एचबीआर२ = १७.२८. सहज मावतं, पण यूएसबी ३ गेलं. तुमचा हब हाच.
दोन लेन एचबीआर३ = १२.९६. काठोकाठ मावतं.

या तिसऱ्या ओळीत एक खाच आहे. एचडीएमआय मॉनिटर ४के ६० साठी बहुधा टीव्हीचं टायमिंग सांगतो, ज्याचं पिक्सेल घड्याळ ५९४ मेगाहर्ट्झ असतं. त्याला १४.२६ गिगाबिट लागतात आणि ते १२.९६ मध्ये बसत नाहीत. मग एक तर ब्लँकिंग कमी केलेला मोड निवडावा लागतो, नाहीतर डीएससी संकोचन समजणारा हब लागतो. ‘एचबीआर३ हब घेतला तरी ३० हर्ट्झच’ ही तक्रार इथून येते.

मॉनिटर १४४० आडव्या ओळींचा असता तर ही कटकट नव्हती. २५६० × १४४० ला ६० हर्ट्झवर ५.८ गिगाबिट पुरतात, ते दोन साध्या लेनमध्ये आरामात बसतात.

खात्री करायची तर हब लावून ‘एलएसयूएसबी -टी’ ही यूएसबी उपकरणं आणि त्यांचा वेग दाखवणारी लिनक्सची कमांड चालवा. नेटच्या ओळीच्या शेवटी ४८०एम दिसेल. मग एचडीएमआय केबल काढा, हब उपसून पुन्हा लावा आणि परत बघा. काही हब मॉनिटर नसताना लेन मोकळ्या करतात आणि ५०००एम दाखवतात, काही कायमचे चार लेनवर अडून बसतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. वेगळी कार्डं घेतली की चित्राला एका पोर्टाच्या चारही लेन मिळतात आणि नेटला दुसरा अख्खा पोर्ट. हबमध्ये दोघांना एकाच पोर्टात भागवावं लागतं. एकाच केबलवर सगळं हवं असेल तर यूएसबी४ किंवा थंडरबोल्ट डॉक घ्या आणि मागच्या स्लॉटातल्या सी-कार्डाला लावा. तिथे चित्र आणि डेटा एकाच ४० गिगाबिटच्या नळीतून पाकिटं होऊन जातात, लेनची वाटणी होत नाही. महाग पडतं, पण ‘हे की ते’ असं निवडावं लागत नाही.

रिकामा_स्लॉट

अगदी तसंच निघालं. नेटसमोर ४८०एम. एचडीएमआय काढून हब परत लावला तरी ४८०एमच, म्हणजे हा अडून बसणाऱ्यांपैकी दिसतो. तर एचडीएमआय आणि इथरनेट ही वेगळी कार्डंच घेतो. दोन उपप्रश्न: मॉनिटरला दोन्ही तोंडं आहेत, मग एचडीएमआय कार्ड घ्यावं की डीपी? आणि डीपी कार्ड घेऊन स्वस्तातली डीपी-ते-एचडीएमआय केबल वापरली तर दोन्ही कामं होतील का?

केबलवाला

मॉनिटरला डीपी आहे तर डीपीच घ्या. सी-पोर्टातून निघतो तो सिग्नल मुळात डिस्प्लेपोर्टच असतो, त्यामुळे डीपी कार्डाला रूपांतर करावं लागत नाही. एचडीएमआय कार्डात रूपांतराची चिप असते. ती चिप म्हणजे जादा वीज, जादा उष्णता आणि बिघडायला आणखी एक जागा.

मात्र ती स्वस्त केबल चालणार नाही. त्या केबलमध्ये चिप नसते, फक्त व्होल्टेज पातळी बदलणारे घटक असतात. डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं डीपी तोंड गरज ओळखून स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल बाहेर सोडतं, त्याला ड्युअल मोड म्हणतात, आणि ही केबल त्यावर विसंबून असते. यूएसबी-सी च्या आल्ट मोडमध्ये ड्युअल मोड नाहीच. वेष्टणावर ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेला अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागेल, आणि तोही ४के ६० लिहिलेला. जुने अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅडॉप्टर एचडीएमआय १.४ चे असतात, ते ३० हर्ट्झवर थांबतात.

बाहेर फिरताना अनोळखी टीव्ही, प्रोजेक्टर यांना जोडायचं असेल तर मात्र एचडीएमआय कार्डाला पर्याय नाही. सभागृहात डीपी केबल शोधत फिरायची वेळ कुणावर येऊ नये.

मंद_प्रवाह

झोपेतल्या बॅटरीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

सी-कार्ड निव्वळ तारा पुढे नेतं, त्यात जागं राहण्यासारखं काही नाही. रिकामं सी-कार्ड आणि रिकामा स्लॉट यांत फरक पडत नाही.

यूएसबी-ए कार्डाची गोष्ट वेगळी. त्याच्या प्लगमध्ये सीसी पिनवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर जमिनीला जोडलेला असतो. सी-पोर्ट त्याच रेझिस्टरवरून ‘काहीतरी जोडलंय’ असं ओळखतो. म्हणजे कार्डाला पेन ड्राइव्ह नसला तरी पोर्टाच्या लेखी उपकरण कायम जोडलेलं असतं आणि ५ व्होल्ट चालू राहतात.

एचडीएमआय आणि डीपी कार्डांत स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो. केबल लावलेली नसतानाही तो थोडी वीज खातो आणि प्रोसेसरला खोल झोपेत जायला आडवा येऊ शकतो. सुरुवातीच्या कार्डांवर याची बरीच चर्चा झाली, त्यानंतर वीज कमी खाणारं फर्मवेअर आलं आणि पुढे एचडीएमआय कार्डाची सुधारित पिढीही आली. जुनं कार्ड कुणाकडून घेत असाल तर पिढी विचारा आणि फर्मवेअरची आवृत्ती तपासा. कंपनीच्या कमांड-लाइन साधनात डीपी-एचडीएमआय कार्डाची माहिती दाखवणारा पर्याय आहे.

मोजायची रीत: चार्जर काढा, सगळी कार्डं काढा, बॅटरीची टक्केवारी लिहा, लॅपटॉप आठ तास झोपवा, परत लिहा. हा पाया. मग एकेक कार्ड घालून तेवढेच तास. एका वेळी एकच बदल, नाहीतर आकड्यांचा काहीही अर्थ लागत नाही. ७०४० बोर्डावर जुनी एस३ (खोल) झोप नाही, एस२आयडल (हलकी झोप) आहे, त्यामुळे जागं राहिलेलं प्रत्येक उपकरण हिशेबात येतं.

मोजायचा कंटाळा असेल तर सोपा उपाय: एचडीएमआय, डीपी आणि इथरनेट कार्डं काम झालं की काढून ठेवा. ती चालू लॅपटॉपवर काढता-घालता येतात, तेवढ्यासाठीच तर ही रचना आहे. खालचं बटण दाबा, कार्ड सरळ ओढा. तिरकं ओढलं तर प्लगच्या टोकावर ताण येतो.

अवांतर: स्लॉट रिकामा ठेवून आतल्या पोर्टात थेट केबल खुपसणारेही आहेत. विजेच्या दृष्टीने चालतं. पण कार्डाला डबीचा आणि रुळाचा आधार असतो, केबलच्या प्लगला नसतो. बाजूने धक्का बसला तर तो थेट बोर्डावरच्या कनेक्टरला. सी-कनेक्टर १०,००० वेळा काढ-घाल सोसेल असा बनवलेला असतो, पण त्या आकड्यात केबलला पाय अडकणं धरलेलं नाही. सी-कार्डाचा खरा फायदा हाच: झीज आणि मोडतोड कार्डाच्या वाट्याला येते, बोर्ड वाचतो.

शून्य_एक_शून्य

केबलबद्दल चुकीच्या दिशेला गेलो, ‘दोन_लेन’ यांचा हिशेब पटला. मग आणखी एक विचारतो: चुंबकी सी-अ‍ॅडॉप्टर मिळतात, पोर्टात बुटकं टोक बसवायचं आणि केबल चटकन चिकटते. धक्क्यापासून बोर्ड वाचवायला ते चांगले नाहीत का?

दोन_लेन

नाहीत. सी-प्लगमध्ये पिना अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने असतात आणि वीज नेणारी ए४ पिन सीसी च्या (जोडणी ओळखणाऱ्या) ए५ पिनेला खेटून असते. साध्या प्लगमध्ये बाहेरचं धातूचं कवच आधी जुळतं, पिना सरळ रेषेत आत जातात, म्हणून शेजाऱ्याला स्पर्श होत नाही. चुंबकी टोक कसंही तिरकं चिकटतं आणि तिरकंच सुटतं, तेही २० व्होल्ट चालू असताना. सीसी लाइन साधारण ५ व्होल्टच्या जगातली आहे. तिच्यावर २० व्होल्ट क्षणभर आले तरी चार्जिंगची बोलणी करणारी चिप मरू शकते. मग त्या पोर्टावर चार्जिंगही नाही आणि चित्रही नाही. शिवाय उघड्या पिनांना बोटाची स्थिर वीज लागते ती वेगळीच.

यूएसबीच्या मानकात असे अ‍ॅडॉप्टर बसतच नाहीत. सी ची एक्स्टेन्शन केबल, म्हणजे एका टोकाला प्लग आणि दुसऱ्याला तोंड, हीसुद्धा मानकात नाही. तिच्यामुळे मूळ केबलच्या लांबीचा आणि अँपिअरचा हिशेब चुकतो: ३ अँपिअरची एक्स्टेन्शन मध्ये असली तरी चार्जरला पलीकडच्या ५ अँपिअरच्या केबलचीच चिप दिसते.

जुनी_डिस्क

धाग्यात घुसतो. २५० जीबीचं स्टोरेज कार्ड घेऊन त्यावर दुसरी ओएस टाकायचा विचार आहे. चालेल का?

मंद_प्रवाह

चालेल, १० गिगाबिट यूएसबीवरचा एसएसडीच आहे तो. तीन गोष्टी बघा.

लिनक्स टाकताना इन्स्टॉलर बूटलोडर (ओएस सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) आतल्या एसएसडीच्या ईएफआय विभागात, म्हणजे तो जिथे राहतो त्या जागेत, टाकू शकतो. मग कार्ड काढलं की आतली ओएससुद्धा अर्धवट मेनूवर अडकते. विभागणी हाताने करा, कार्डावर वेगळा ईएफआय विभाग बनवा (५०० एमबी पुष्कळ झाले) आणि बूटलोडरची जागा म्हणून तोच निवडा. आतला एसएसडी तात्पुरता काढून इन्स्टॉल केलं तर चुकायला वावच राहत नाही.

विंडोजचा नेहमीचा इन्स्टॉलर यूएसबी ड्राइव्हवर बसायला नकार देतो. विंडोज टू गो ही यूएसबीवरून विंडोज चालवायची अधिकृत सोय २०२० च्या २००४ आवृत्तीपासून काढून टाकली. रूफस या प्रोग्रॅममधून तसा ड्राइव्ह बनवता येतो.

तिसरं, मोठ्या फायली सलग लिहिल्या की कार्ड तापतं आणि वेग खाली येतो. एवढ्या डबीत उष्णता जायला जागा कुठे असणार? रोजच्या ओएससाठी ठीक, व्हिडिओ संपादनाच्या कच्च्या फायलींसाठी नाही. आणि ओएस चालू असताना त्या कार्डाचं बटण दाबायचं नाही, हे सांगायला नकोच.

केबलवाला

हबवरून चार्जिंग करणाऱ्यांसाठी एक पुरवणी, कारण वर हबचा विषय आलाच आहे. हबला चार्जर लावला किंवा काढला की वीज कोण कुणाला देणार याची बोलणी नव्याने होतात. बरेच हब त्या क्षणी सगळी यूएसबी उपकरणं सोडून पुन्हा पकडतात. हबला लावलेल्या एसएसडीवर त्याच वेळी काही लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टिमची वाट लागते. चार स्लॉट असलेल्या लॅपटॉपवर चार्जर सरळ स्वतंत्र सी-कार्डाला लावा. हब स्वतःसाठी थोडे वॉट राखून ठेवतो, तेही वाचतात.

आणि चार्जिंगची केबल: २० व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत, साधी सी-ते-सी केबल चालते. त्यावर ५ अँपिअरसाठी केबलमध्ये ई-मार्कर (केबलची क्षमता सांगणारी) चिप असावीच लागते. १६ इंची मॉडेलला मोठा चार्जर लावून केबल मात्र जुनीच वापरली, तर चार्जिंग मुकाट्याने ६० वॉटवर चालतं आणि जड कामात बॅटरी उतरताना दिसते.

पाच_दशांश_एक

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा. कार्ड घरी नक्की बनतं. डबीची मापं आणि बोर्डाचे साचे कंपनीने गिटहबवर खुले ठेवले आहेत, परवाना सीसी बाय ४.०. डबी ढोबळमानाने ३० × ३२ × ६.८ मिमी. माऊसच्या रिसीव्हरला फक्त यूएसबी २ लागतं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नासाठी हे काम योग्य आहे. १० गिगाबिटचं कार्ड दोन थरांच्या पीसीबीवर करायला जाऊ नका.

लागेल ते: मिड-माउंट सी-प्लग एक, ५.१ किलोओहमचा रेझिस्टर एक, १ मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर एक, उभं किंवा आडवं बुटकं यूएसबी-ए तोंड एक, आणि पीसीबी (सर्किट बोर्ड). मिड-माउंट प्लग पीसीबीच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन बसतो, म्हणून पीसीबीची जाडी महत्त्वाची. बरेचसे प्लग ०.८ मिमीसाठी असतात. नेहमीची १.६ मिमीची पाठवलीत तर प्लग चढणारच नाही. ऑर्डर करण्याआधी प्लगच्या डेटाशीटमधला आकडा बघा.

आता सर्वांत जास्त चुकतं ते: रेझिस्टर. इंटरनेटवरची बहुतेक उदाहरणं सी-तोंडाची असतात, त्यात सीसी१ आणि सीसी२ ला प्रत्येकी ५.१ किलोओहम, असे दोन रेझिस्टर असतात. तुम्ही बनवताय ते प्लग आहे. प्लगमध्ये फक्त ए५ ही सीसी पिन, तिथेच रेझिस्टर. बी५ ही व्हीकॉन (केबलमधल्या चिपला वीज देणारी) पिन, ती मोकळी सोडा. दोन्हीकडे रेझिस्टर लावलेत तर लॅपटॉपला दोन्ही सीसी लाइनवर ओढ दिसते, आणि मानकानुसार त्याचा अर्थ ‘डीबग उपकरण जोडलं’ असा होतो. पोर्ट मग काय करेल त्याचा नेम नाही, बऱ्याचदा काहीच करत नाही.

डेटाच्या तारा ए६ आणि ए७. प्लगमध्ये बी६, बी७ नसतातच, त्या शोधू नका. दोन्ही रेषा एकमेकींच्या शेजारून, सारख्या लांबीच्या, खाली अखंड ग्राउंड. कपॅसिटर वाढवून ठेवायचा मोह होतो. पोर्टवरचा एकूण कपॅसिटन्स १० मायक्रोफॅरडच्या आत ठेवा, नाहीतर लावताक्षणी येणाऱ्या झटक्याने पोर्ट करंट-मर्यादेत जाऊन बंद होऊ शकतो.

लॅपटॉपमध्ये घालण्याआधी तपासणी, याच क्रमाने. मल्टिमीटरने व्हीबस (५ व्होल्टची लाइन)-ग्राउंड शॉर्ट नाही ना. मग व्हीबस-सीसी शॉर्ट नाही ना, कारण त्या पिना शेजारी आहेत आणि टिनाचा बारीक पूल डोळ्याला दिसत नाही. सीसी ते ग्राउंड ५.१ किलोओहम दिसला पाहिजे. नंतर कार्डाचा प्लग एखाद्या साध्या सी-चार्जरच्या तोंडात घाला: यूएसबी-ए च्या पिनांवर ५ व्होल्ट यायला हवेत. रेझिस्टर चुकला असेल तर शून्य येतं. चार्जर कितीही वॉटचा असो, तुमचं कार्ड जास्त व्होल्टेज मागतच नाही, त्यामुळे ५ च येतील. हे जमलं की मग एखाद्या कमी किमतीच्या हबवर, आणि शेवटी लॅपटॉपवर.

डबी छापताना आधी पीसीबीशिवाय नुसता भरीव ठोकळा छापून स्लॉटात घालून बघा. ०.२ मिमीच्या फरकानेही कार्ड अडकतं, आणि अडकलेलं कार्ड चिमट्याने ओढताना लॅपटॉपच्या कडेला ओरखडे जातात. पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. रिसीव्हरच्या कार्डाला चालेल, पण लॅपटॉप गाडीत उन्हात राहत असेल तर पीईटीजी वापरा.

रिकामा_स्लॉट

भरपूर मिळालं. तर मागे दोन सी, पुढे चित्रवाल्या स्लॉटात डीपी, मुक्या स्लॉटात यूएसबी-ए. इथरनेट कार्ड लागेल तेव्हा मागच्या एका सी-कार्डाच्या जागी. घरगुती रिसीव्हर-कार्ड झालं तर ते कुठे घालू? एसएसडीला यूएसबी-ए लागतंच.

दोन_लेन

एसएसडीची केबल बदला. एसएसडीच्या बहुतेक डब्यांना सी किंवा मायक्रो-बी तोंड असतं, सी-प्लगची केबल मिळते, मग तो मागच्या सी-कार्डावर जातो आणि पुढचा मुका स्लॉट रिसीव्हरला मोकळा.

रिसीव्हर आणि एसएसडी लॅपटॉपच्या एकाच बाजूला ठेवू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. एसएसडीवर कॉपी चालू असताना माऊस अडखळत चालायला लागला तर कारण हेच. कार्डात पुरलेला रिसीव्हर तर धातूच्या चेसिसला चिकटून बसतो, त्याची पोच आधीच कमी झालेली असते. एसएसडी दुसऱ्या बाजूच्या मागच्या स्लॉटावर न्या आणि जाड कवचाची केबल वापरा.

इथरनेट कार्ड आलं की ‘एलएसयूएसबी -टी’ परत बघा. ५०००एम असायला हवं, ड्रायव्हर आर८१५२. ४८०एम दिसलं तर कार्ड पुरतं आत गेलेलं नाही किंवा प्लगच्या कडेच्या पिनांवर घाण आहे. यूएसबी २ ची जोडी मधोमध असते, ती अर्धवट जोडणीतही लागते, म्हणून नेट चालतं पण रडतखडत. कार्ड काढून सरळ, खटका वाजेपर्यंत आत ढकला. ड्रायव्हरच्या जागी सीडीसी-एनसीएम (सर्वसाधारण ड्रायव्हर) दिसला तर नेट मिळेल, पण ईथटूल या लिनक्स साधनातून वेग-डुप्लेक्स नीट हाताळता येणार नाही. तेव्हा यूडेव्ह (उपकरणं हाताळणारी लिनक्सची यंत्रणा) नियमाने उपकरणाचं कॉन्फिगरेशन १ वर आणा, म्हणजे आर८१५२ ते उचलेल.

पाच_दशांश_एक

आणि रिसीव्हरच्या डबीला धातूचा रंग किंवा कार्बन मिसळलेलं फिलामेंट नको. दिसायला छान दिसतं, पण त्यातून सिग्नल नीट बाहेर पडत नाही. रिसीव्हर डबीच्या बाहेरच्या तोंडाशी जितका जवळ बसेल तितका बसवा आणि ती भिंत १ मिमीपेक्षा जाड ठेवू नका. यूएसबी-ए चं तोंड पूर्ण लांबीचं घेतलंत तर तेवढी जागा उरत नाही. रिसीव्हरचं प्लास्टिक काढून त्याच्या चार पट्ट्यांना थेट तारा सोल्डर केल्या तर उरते. क्रम ५ व्होल्ट, डी उणे, डी अधिक, ग्राउंड. डेटाच्या दोन तारा उलट झाल्या तर काही जळत नाही, फक्त रिसीव्हर ओळखला जात नाही. कडेच्या दोन उलट झाल्या तर रिसीव्हर गेलाच समजा.